टर्कीला वेळेचं बंधन नव्हतं

मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना सांगते, श्वास रोखा, हलू नका, झालं. आणि लोक ऐकतात हो. खांदा निखळलेला रग्बीवालासुद्धा गपगुमान पडून राहतो. त्यामुळे एका पक्ष्याने अख्ख्या स्प्रिंगभर माझं काडीचंही ऐकलं नाही, याचा मला जो संताप आला होता तो अजून पुरता उतरलेला नाही.

पक्षी म्हणजे टर्की. इथे ख्रिसमसला भाजून खातात तो. हा बहुतेक डिसेंबरात कुठल्या तरी फार्मवर सुरीखालून निसटला असावा, कारण मार्च उजाडता उजाडता तो आमच्या अलॉटमेंटवर येऊन दाखल झाला आणि बापाची जागा असल्यासारखा राहायला लागला. बापाची म्हणजे माझ्या बापाची. तिथेच सगळी गोची झाली.

अलॉटमेंट म्हणजे कौन्सिलची जमीन. पट्टे पाडून लोकांना भाजीपाला लावायला भाड्याने दिलेली. नॉटिंगहॅमच्या टोकाला, घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आमचा एक पट्टा आहे. नावावर माझ्या, पण खरे मालक बाबा. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इकडे आणलं. व्हिसा कसा मिळाला ते आमचा वकील आणि त्याचं नशीब जाणे. एकदा हा देश सोडून गेले तर परत व्हिसा मिळेल ही आशा धरू नका, एवढं मात्र त्याने बजावलं होतं. बाबा आले आणि लाउंजच्या खिडकीपाशी बसले. नुसते बसले. जेवायला बोलावलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे, बंद केला तरी बघायचे. ज्या माणसाने आयुष्यभर माइकशिवाय सभा गाजवल्या, तो मीठसुद्धा मागेना. मला भीती वाटायची. रोज कामावरून येताना रस्त्यातूनच आधी त्या खिडकीकडे बघायची मी.

मग प्लॉट मिळाला आणि बाबा उठले. मेथी, कोथिंबीर, लसूण, बटाटे. सकाळी पोळीभाजीचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन जायचे, ते संध्याकाळी बुटांना चिखल लावून यायचे आणि माझ्या कार्पेटवर उमटवायचे. मी ओरडायचे. पण खरं सांगू, तो चिखल बघून मला बरं वाटायचं.

त्या प्लॉटवर एक जुनी लाकडी शेड आहे, फावडी-कुदळी ठेवायची. टर्कीने मुक्काम ठोकला तो बरोबर त्या शेडच्या छपरावर. दिवसा खाली उतरायचा आणि राउंड घ्यायचा, आमचे कन्सल्टंट घेतात तसा. ह्याचे वाटाणे, तिचा लेट्यूस, पलीकडच्या आजोबांची स्ट्रॉबेरीची रोपं. मन भरलं की शेपटीचा पंखा पसरून, मान आत ओढून, गळ्याची लाल कातडी लोंबवत डौलात चालायचा. एकदा अलॉटमेंटच्या सेक्रेटरीबाई नवीन, चकचकीत गाडी घेऊन आल्या. गाडीच्या दारात त्याला स्वतःचं रूप दिसलं. त्याला वाटलं दुसरा टर्की आला. दार चोचून चोचून त्याने त्या रूपाचा असा समाचार घेतला, की बाई गाडीतच अडकून पडल्या आणि खिडकीतून छत्री काढून हूश हूश करत बसल्या.

सेक्रेटरीबाई म्हणजे रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. आवाज चढवत नाहीत, भुवई चढवतात. त्यांनी मला बोलावून सांगितलं की नियमाप्रमाणे इथे कोंबड्या आणि ससे चालतात, टर्की चालत नाही. आणि पक्षी तुमच्या छपरावर झोपतो तेव्हा तो तुमचाच. मे महिन्याच्या शेवटी ओपन डे असतो, बाहेरचे लोक प्लॉट बघायला येतात, कौन्सिलचीही माणसं येतात. तोवर टर्की गेला नाही तर कमिटी तुमचा प्लॉट काढून घेईल. वेटिंग लिस्टवर लोक आहेतच, असंही गोड हसून सांगितलं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा पोळी कुस्करत होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"प्लॉट गेला तर मी नागपूरला चाललो. खिडकीतच बसायचं असेल, तर तिथली खिडकी काय वाईट आहे?"

नागपूरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे मीच काढलाय, त्या गुडघ्यात काय शिल्लक आहे ते मला विचारा. खाली भाजी आणायला उतरले तर वर चढायला कुणी नाही, आणि वर राहिले तर बोलायला कुणी नाही. आणि बाबा बोलले म्हणजे करणार. मी म्हटलं, बस्स. आता तो टर्की तरी राहील नाहीतर मी.

पहिला प्रयत्न माझ्या नवऱ्याचा. नवरा पुण्याचा, कम्प्युटरवाला, स्वभावाने गरीब. कुणी मोठ्याने शिंकलं तरी सॉरी म्हणतो. त्याने आधी हळूच सुचवून पाहिलं की घरात सावजी मसाला आहे, तर एवढी उस्तवार कशाला. बाबांनी त्याला पंचशीलातलं पहिलं शील ऐकवलं. नवरा म्हणाला, पण दर संडेला आपल्याकडे चिकन असतं ना. बाबा म्हणाले, ते चिकन आपल्याला नमस्कार करून समोर बसलेलं नसतं.  मसाला डब्यात राहिला.

मग नवऱ्याने ऑनलाइन बघून सापळा बनवला. मोठा प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घातला, एका बाजूने काठीवर टेकवला, काठीला दोरी बांधली, आत मक्याचे दाणे टाकले आणि स्वतः दोरीचं टोक धरून कंपोस्टच्या ढिगामागे दडून बसला. टर्की आला. मान लांब करून काठीला धक्का न लावता दाणे खाल्ले. मग ढिगामागे जाऊन नवऱ्याला बघून आला. इतक्यात क्रेट पडला, आत सेक्रेटरीबाईंची मांजर होती. बाईंची भुवई त्या दिवशी इतकी चढली की पुढचे काही आठवडे खाली आली नाही.

दुसरा प्रयत्न माझा. आमची लेक लीड्सला शिकते. तिने फोनवर अक्कल शिकवली की अमेरिकेत लोक स्प्रिंगमध्ये टर्कीची शिकार करतात आणि त्यासाठी लाकडाची एक डबी मिळते, ती घासली की मादीसारखा आवाज येतो. "मम्मी, तो टर्की धावत येईल, तो फार डेस्परेट असते." डबी तिनेच ऑर्डर करून पाठवली. मी आपली हिरवा रेनकोट घालून, डोक्याला मेथीच्या जुड्यांची पेंडी बांधून, वाटाण्याच्या वेलामागे उकिडवी बसले आणि डबी घासली. आवाज असा निघाला की पलीकडच्या प्लॉटवरचे आजोबा धावत आले आणि ॲम्ब्युलन्स बोलवू का म्हणाले. टर्कीनेही आवाज ऐकला, नाही असं नाही. पंखा पसरला, अंग फुलवलं, डौलात पुढे आला, माझ्या अंगावरून पुढे गेला आणि आमच्या निळ्या ढकलगाडीपाशी जाऊन थांबला. मग अख्खी दुपार त्या ढकलगाडीभोवती नाचत होता. बाई म्हणून एका ढकलगाडीकडून हरायचं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. डोक्यावरची मेथी तेवढी जाताना खाल्ली मेल्याने.

जाळं टाकून पाहिलं. बॅडमिंटनचं. त्यात नवरा अडकला, त्याचा चष्मा अडकला, आणि सोडवायला गेलेली मीही अडकले. टर्की बाजूला उभा राहून एकदा ह्या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने बघत होता. दाण्यात झोपेची गोळी घालायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला, उगाच कशाला खोटं बोलू.

शेवटी नवऱ्याने आमच्या मंडळींना सांगितलं. आता आमची मंडळी म्हणजे नॉटिंगहॅम आणि आसपासचे आपले बौद्ध लोक. कुणी नर्स, कुणी इंजिनियर, कुणी युनिव्हर्सिटीत. चांगली माणसं. अडीअडचणीला धावून येतात. पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट करायची म्हणजे आधी समिती लागते. एका रविवारी सगळे आमच्या लाउंजमध्ये जमले. मी तर्री-पोहे केले. 'टर्की व्यवस्थापन समिती' हे नाव ठरायलाच चहाची पहिली फेरी संपली, कारण 'बंदोबस्त' शब्दाला एकाचा तात्त्विक विरोध होता. मग अध्यक्ष कोण यावर दोन मतं पडली. उपाध्यक्ष दोन झाले, एक महिला प्रतिनिधी हवी म्हणून मला घेतलं, खजिनदार नेमला आणि त्याच्याकडे काही नाही हेही एकमताने मंजूर झालं. प्रत्येकाने दोन शब्द बोलून घेतले. आभारप्रदर्शन झालं. तोवर बाहेर पाऊस सुरू झाला आणि सगळे घरी गेले. प्लॉटवर कुणी पाऊलही टाकलं नाही. समिती अजून बरखास्त झालेली नाही.

त्या मीटिंगमध्ये एकटे बाबा एक शब्द बोलले नाहीत. कोपऱ्यात बसून पोहे खाल्ले आणि आपली प्लेट आपण विसळून ठेवली. ह्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

झालं होतं असं. आदल्या वर्षी चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम होता. कम्युनिटी हॉल भाड्याने घेतलेला, पाचला खाली करून द्यायचा, त्यानंतर तिथे झुम्बा. सूत्रसंचालन माझ्या नवऱ्याकडे. सगळे लांबत गेले, आणि बाबांचा नंबर आला तेव्हा बाहेर लेगिंग्ज घातलेल्या बायका काचेतून डोकावायला लागलेल्या. बाबांनी सुरुवात केली. ते नुसती सुरुवातच तब्येतीत करतात. अध्यक्ष, मंच, बंधू, भगिनी, माता, सगळ्यांना मान देऊन. विषयाला हात घातला, आणि नवऱ्याने घाम पुसत एक चिठ्ठी पुढे सरकवली. 'वेळेअभावी आटोपते घ्यावे.' सभेची रीतच आहे ती, आपल्याकडे शेकडो वक्त्यांना अशा चिठ्ठ्या जातात. बाबांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात ठेवली, धन्यवाद म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. तेव्हापासून जावयाशी फक्त अहो-जाहो. ह्या वर्षीच्या जयंतीला नवरा तीनदा विचारायला गेला. बाबा म्हणाले, आम्ही श्रोत्यांत बसतो, तुमच्या वेळेची काळजी वाटते आम्हाला. आणि शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. नवऱ्याला रात्री जेवण गेलं नाही.

मे सुरू झाला. मेथी गुडघ्याला लागली, टर्की जागच्या जागी. सेक्रेटरीबाईंनी ओपन डेचे बोर्ड रंगवायला घेतले. बाबांनी एक दिवस शांतपणे माझ्याकडे त्यांची मोठी बॅग मागितली. माळ्यावर आहे, काढून ठेव, एवढंच. मी म्हटलं हो, आणि काढली नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, झालं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनचं सर्व्हिसिंग निघालं, दुपारीच सुट्टी मिळाली. मी घरी न जाता तडक प्लॉटवर गेले. म्हटलं आज हा टर्की तरी नाहीतर मी. फाटकातून आत शिरले तर शेडकडून आवाज येत होता.

"सन्माननीय अध्यक्ष, विचारमंचावरील मान्यवर, आणि माझ्या बंधू-भगिनींनो."

आणि त्या पूर्णविरामावर, बरोबर पूर्णविरामावर, "गुलुगुलुगुलुगुलु."

मी वाटाण्याच्या वेलामागे बसले. माझी जागा झालीच होती ती. शेडचं दार सताड उघडं. आत बाबा, एक हात कुदळीच्या दांड्यावर, माइकचा स्टँड धरावा तसा, दुसरा हात वर. आणि दारासमोर टर्की. पंखा पसरून, मान ताठ, तोंड बाबांकडे. बाबांनी एक वाक्य खालच्या पट्टीतून वर वर नेलं, टोकाला नेऊन थाडकन सोडलं, आणि थांबले. टर्की म्हणाला, गुलुगुलुगुलु. बाबांनी मान डोलावली आणि पुढे गेले. मधेच एकदा विचारलं, "खरं आहे का नाही?" टर्कीने दुजोरा दिला. नंतर मला लेकीकडून कळलं की नर टर्की स्प्रिंगमध्ये कुठल्याही दणदणीत आवाजाला असं उत्तर देतो, गाडीचं दार आपटलं तरी. पण त्या घडीला मला ते माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की माझा बाप सभा घेतोय आणि सभा भरलेली आहे.

म्हणजे तो पक्षी रोज दुपारी शेडसमोर हजर असायचा, हातभर अंतरावर, आणि बाबांना ते माहीत होतं. आम्ही जाळ्यात काय अडकलो, मेथी काय बांधली डोक्याला. माझं डोकंच फिरलं. मी वेलामागून उठले आणि म्हटलं, बाबा, काय चाललंय हे. प्लॉट जाईल, तुम्ही जाल, मी इथे जिवाचा आटापिटा करतेय आणि तुम्ही ह्याला भाषण देताय. जे तोंडात आलं ते बोलले. टर्की दचकून छपरावर गेला.

 बाबा पालथ्या बादलीवर बसले. थर्मासमधला चहा ओतून मला दिला, मी घेतला नाही, मग घेतला.

"काय करू मग?" ते म्हणाले. "आख्खं भाषण ऐकून राहिला असा हा एकच भेटला मला या देशात."

आता ह्याच्यावर राग तरी कसा टिकवायचा? मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. कितीतरी वेळ आम्ही दोघं छपराकडे बघत होतो आणि छप्पर आमच्याकडे. मग मी म्हटलं, बाबा, मला तुम्ही इथे हवे आहात. हे मी त्यांना कधी म्हटलंच नव्हतं, आपल्यात कोण म्हणतं असलं? त्यांनी उगाच नाक पुसलं. उठून कुदळ जागेवर ठेवली. आणि म्हणाले, ठीक आहे, मीच पकडून देतो. पण ह्याला कुणी कापायचं नाही. ज्याला भाषण ऐकवलं त्याला खायचं नसतं. आणि भाषण चालू असताना मधे कुणी बोलायचं नाही.

नवऱ्याने चार ठिकाणी फोन करून एक बाई शोधली. शहराबाहेर तिची जागा आहे, बदकं, बकऱ्या, टर्की, असं सगळं पाळते आणि शाळेच्या पोरांना दाखवते. तिने शनिवारी क्रेट घेऊन यायचं कबूल केलं. ओपन डे रविवारी.

शनिवारी बाबांनी कोट घातला. निळा मफलर घेतला. मे महिन्यात मफलर कशाला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेडमधलं सगळं सामान बाहेर काढलं, आणि मागच्या भिंतीला टेकून बाबा उभे राहिले. मी दाराआड. नवरा कंपोस्टच्या ढिगामागे. बातमी फुटली होतीच, त्यामुळे आसपासच्या प्लॉटवरचे लोक फावडी टेकून उभे, सेक्रेटरीबाई हॅट घालून पुढे. मी सगळ्यांना माझ्या कामावरच्या आवाजात सांगितलं, श्वास रोखा, हलू नका.

बाबांनी सुरुवात केली. छपरावरून उत्तर आलं. मग धप्पकन उडी, मग पंखा, मग एकेक पाऊल. बाबा प्रत्येक वाक्यागणिक आवाज थोडा खाली आणत होते, म्हणजे नीट ऐकायला पुढे यावं लागेल. असले डाव चाळीस वर्षं सभा घेतलेल्यालाच सुचतात. टर्की उंबऱ्यापाशी थांबला. आत गेला. मी दार लोटलं आणि कडी घातली.

आत बाबा आणि टर्की. बाहेर आम्ही. आणि आता काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. समिती असूनही. सेक्रेटरीबाईंनी आनंदाने टाळ्या वाजवल्या, त्यासरशी आत जी फडफड सुरू झाली, जी काय आदळआपट झाली, की आख्खी शेड हलली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. क्रेटवाली बाई रस्त्याच्या कामात अडकली होती, तासभर तरी लागेल म्हणाली. मी दार उघडायला गेले, तर आतून बाबा म्हणाले, उघडू नको, हा निघून जाईल. मग सगळं शांत झालं. आणि आतून, धापा टाकत, पण अगदी सभेतल्या आवाजात प्रश्न आला.

"जावईबापू, किती वेळ आहे?"

नवरा ढिगामागून उठला. अंगभर कंपोस्ट. शेडजवळ आला, फळ्यांना तोंड लावलं. 

"बाबा, हवा तेवढा वेळ घ्या."

 आतून घसा साफ केल्याचा आवाज.

आणि बाबा बोलले. तरुणपणी वस्तीत त्यांनी वाचनालय काढलं त्याची गोष्ट. पत्र्याची खोली, शाकारलेलं छप्पर, घरोघर फिरून मागितलेली पुस्तकं. सेक्रेटरीबाई माझ्या कानाशी लागून विचारायला लागल्या, काय म्हणताहेत, तर मी हळू आवाजात भाषांतर करत गेले. लोक जवळ सरकले. कुणी पालथ्या कुंडीवर टेकलं. मला वाटत होतं ही गोष्ट मला पाठ आहे. मग बाबा म्हणाले की पुस्तकं जमली पण ठेवायला कपाट नव्हतं, उंदीर कुरतडत होते. आणि मग घरधनिणीने लग्नातली आपली ट्रंक रिकामी केली, लुगडी गोणपाटात बांधली, आणि ट्रंक डोक्यावर घेऊन स्वतः वाचनालयात आणून ठेवली.

माझं भाषांतर तिथेच थांबलं. ही ट्रंक मला माहीत नव्हती. आईची लुगडी गोणपाटात का असायची, हे मला पन्नाशी आली तरी कुणी सांगितलं नव्हतं. भाषणात होतं ते. चिठ्ठी नेहमी त्याच्या आधी जायची.

बाबाही थांबले होते. आणि त्या शांततेत, नको तेव्हा, आतून आलं: गुलुगुलुगुलुगुलु. सेक्रेटरीबाई रडताना खुदकन हसल्या. मीही. आत बाबासुद्धा हसत होते, फळ्यांमधून ऐकू येत होतं.

क्रेटवाली बाई आली. तिने दार उघडून दोन हातांत तो एवढा मोठा पक्षी उचलला, जसा काही लॉन्ड्रीचा गठ्ठाच. जाता जाता त्याने नवऱ्याच्या कानाचा एक लचका घ्यायचा प्रयत्न केला, तेवढं चालायचंच. टर्की गेला. प्लॉट राहिला. रविवारी कौन्सिलच्या माणसाने बाबांच्या मेथीचा फोटो काढला. मोठी बॅग माळ्यावरच आहे.

त्यानंतर बाबा जावयाला नावाने हाक मारायला लागले. पण दुपारी शेडकडून आवाज यायचा बंद झाला. मी विचारलं तर म्हणाले, मोकळ्या खुर्च्यांपुढे बोलायची सवय नाही मला. चिखल मात्र रोज येत होता, म्हणून मी गप्प बसले.

जूनमध्ये एकदा लवकर सुटले आणि समोसे घेऊन प्लॉटवर गेले. फाटकाशीच ऐकलं. सन्माननीय अध्यक्ष, विचारमंचावरील मान्यवर, बंधू-भगिनींनो. आणि बाबा थांबले. सवयीने थांबले, बरोबर तेवढंच, जेवढं ते थांबायचे. छप्पर रिकामं होतं. काहीच आलं नाही. पुढचं वाक्य सुरू होईना. मी इकडेतिकडे बघितलं. लांब सेक्रेटरीबाई वाकून गोगलगायी वेचत होत्या, बाकी चिटपाखरू नव्हतं. मी समोशाची पिशवी खाली ठेवली, मान पुढे काढली, आणि म्हटलं:

"गुलुगुलुगुलु."

 शेडमधून बाबांचा आवाज आला, लहानपणी माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचे तेव्हाचा.

"घशातून काढ. पोटातून नाही."

मी पुन्हा केलं, घशातून. तेवढ्यात पलीकडच्या बीन्सच्या रांगेमागून, अतिशय सभ्य इंग्लिश उच्चारात, दुसरं एक गुलुगुलु आलं. सेक्रेटरीबाई उठून उभ्याही राहिल्या नव्हत्या, नुसती हॅट दिसत होती. बाबांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरू केलं.